चार खण आणि एक शिडी: 'इंटिग्रल लीडरशिप'चं कुणी काही केलंय का?

नाईटशिफ्ट

मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉप, म्हणजे पत्रा कापायचा विभाग, सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात कंपनीने आम्हा नऊ जणांना लोणावळ्याजवळ दोन दिवसांच्या कार्यशाळेला धाडलं. विषय: 'इंटिग्रल (म्हणजे सगळ्या बाजू धरून) लीडरशिप आणि आत्मपरिवर्तन'. असल्या कार्यशाळा बऱ्याच पचवल्या आहेत. चेंडू फेकाफेकी, डोळे मिटून पाच मिनिटं, शेवटी ग्रुप फोटो आणि सोमवारी पहिले पाढे पंचावन्न. या वेळी मात्र दोन गोष्टी डोक्यात अडकल्या. एक पटली, एक अजिबात नाही.

पटली ती आधी. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर मोठं अधिकाचं चिन्ह काढलं, चार खण झाले. वर डावीकडे एका माणसाच्या आत काय चाललंय ते. वर उजवीकडे त्याच माणसाचं बाहेरून दिसणारं वागणं, हातातलं कसब. खाली डावीकडे सगळ्यांच्या मिळून आत जे असतं ते, म्हणजे 'आपल्याकडे असंच असतं' या सदरातलं सगळं. खाली उजवीकडे व्यवस्था: पगार, नियम, यंत्रं, फलक. केन विल्बर नावाच्या अमेरिकन लेखकाने १९९५ साली ही मांडणी केली. म्हणणं एवढंच की कुठल्याही घटनेला या चारही बाजू एकाच वेळी असतात, आणि प्रत्येकाचा एक लाडका खण असतो. इंजिनिअर खाली उजवीकडे धावतो, एचआर वर उजवीकडे, बुवा-महाराज वर डावीकडे.

आता आमचं दुखणं सांगतो. एका ब्रॅकेटला बर्र येत होती. पत्रा कापताना कडेला जी धारदार किनार राहते ती. बोट फिरवलं तर रक्त निघतं. डायची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याची, धार गेली की येते. डाय उतरवून घासायला टाकली की प्रश्न मिटतो, लहान मूलही सांगेल. पण माल ग्राहकाकडे पोचून परत येत होता, आणि ऑपरेटरला ते दोन-दोन तास आधी कळलेलं असायचं. सांगायचा कोणी नाही. मी काय केलं? ट्रेनिंग. दोनदा. वर एक पोस्टर.

लोणावळ्यात ते चार खण भरायला बसलो तेव्हा माझा मलाच ओशाळवाणेपणा आला. डाय बदलायला पाऊण तास लाईन थांबते, आणि तो पाऊण तास फलकावर ऑपरेटरच्या नावापुढे लागतो. त्या दिवसाचा इन्सेन्टिव्ह गेला. हा झाला व्यवस्थेचा खण. रात्रपाळीची रीत अशी की 'रात्रीचं रात्रीत मिटवायचं', साहेबाची झोप मोडायची नाही. हा रिवाजाचा खण. माझं ट्रेनिंग म्हणजे वर उजवीकडचा खण. राहिला वर डावीकडचा, आणि तिथे मी ऑपरेटरचं नाव लिहायला घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "इथे तुमचं नाव लिहा."

मग त्यांनी हार्वर्डच्या रॉबर्ट केगन आणि लिसा लेही यांचा चार रकान्यांचा तक्ता दिला. माझा जसाच्या तसा उतरवतो, लाज बाजूला ठेवून.

पहिला रकाना, मला काय हवंय: लोकांनी अडचण वेळेवर सांगावी.
दुसरा, त्याच्या उलट मी काय करतो: सकाळच्या मीटिंगला माझा पहिला शब्द 'कोणी केलं?' असतो. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही.
तिसरा, आतून कशाला जपतोय: प्लांट हेडपुढे 'मला माहीत नाही' म्हणायची वेळ येऊ नये.
चौथा, काय गृहीत धरलंय: एकदा जरी 'माहीत नाही' म्हणालो तर माझी किंमत संपली.

तिसरा रकाना लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. चहा दोनदा गार झाला.

आता न पटलेली गोष्ट. दुसऱ्या दिवशी रंगीत शिडी आली. लाल, मग पिवळसर, केशरी, हिरवी, त्यावर मोरपंखी. माणसाची जाणीव या पायऱ्यांनी वर चढते म्हणे. अर्ध्या तासात आमचे नऊच्या नऊ जण कॅन्टीनवाल्यापासून एमडीपर्यंत सगळ्यांना रंग वाटून मोकळे झाले. आपण स्वतः मात्र हिरव्याच्या वरच. आपल्या देशात माणसांची उतरंड लावायला नवीन साधन हवंच होतं का?

कुणी याचा खरोखर वापर केलाय का? की सगळं रिसॉर्टपुरतंच?

तिरकस

पहिला! बाकी वाचून लिहितो.

अवांतर: बुवा-महाराज वर डावीकडे दिसले तरी त्यांची पावती पुस्तकं खाली उजवीकडे असतात. (हलके घ्या.)

सावली_बडोदा

छान धागा. 'इंटिग्रल' हा शब्द अमेरिकेतून आलाय असं वाटतंय इथे, म्हणून थोडी वंशावळ सांगते. विल्बरवर श्रीअरविंदांचा मोठा प्रभाव आहे, तो स्वतःच ते सांगतो. अरविंदांनी 'पूर्णयोग' (इंग्रजीत 'इंटिग्रल योग') मांडला तो १९१४ साली पुद्दुचेरीहून सुरू केलेल्या 'आर्य' मासिकातून. पुढे १९५१ मध्ये हरिदास चौधुरी हे बंगाली प्राध्यापक सॅन फ्रान्सिस्कोला गेले; त्यांनी उभारलेल्या संस्थेच्या आजच्या नावातही 'इंटिग्रल' आहेच. माहेरचाच शब्द सासरहून परत आलाय.

आणि यात एक मराठी माणूस आहे, तो कुठल्याच कार्यशाळेत येत नाही. विष्णु भास्कर लेले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. तिथून अरविंद बडोद्याला आले, धाकटे बंधू बारींद्र यांनी लेल्यांची गाठ घालून दिली. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघे बसले. लेल्यांनी सांगितलं ते साधं होतं: विचार तुमच्यात उपजत नाहीत, बाहेरून येतात, येताना दिसले की आत शिरू देऊ नका. तीन दिवसांत मन निवांत झालं, असं अरविंदांनी पुढे लिहून ठेवलंय.

यापुढचा भाग मला जास्त आवडतो. १९ जानेवारी १९०८ ला मुंबईत जाहीर सभा होती. मन कोरं, आता बोलायचं काय, ही पंचाईत. लेले म्हणाले, सभेला नमस्कार करा आणि थांबा, बोलणं येईल. आणि आलं. लक्षात घ्या, हा माणूस तेव्हा ऐन राजकारणात होता. मे महिन्यात अटक होऊन पुढचं वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात गेला. त्यामुळे 'आत बघणं' म्हणजे कामातून अंग काढून घेणं असं मुळात नव्हतं.

नाईटशिफ्ट, तुमचं 'कोणी केलं?' गिळणं आणि ते सभेपुढे नमस्कार करून थांबणं, मला फार लांबचं नाही वाटत.

नाईटशिफ्ट

सावलीताई, कुठे अरविंद आणि कुठे आमचं प्रेस शॉप! पण लेल्यांचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. दंडवत.

खडूस

शिडीवरचा आक्षेप शंभर टक्के मान्य, उलट तुम्ही सौम्य लिहिलंत. मी दहाएक वर्षं या साहित्याचा भक्त होतो, म्हणून आतली माहिती.

२००६ साली विल्बरने आपल्या ब्लॉगवर टीकाकारांना झोडपणारा एक लेख टाकला. सूर असा की हे लोक खालच्या पायरीवर आहेत, म्हणून त्यांना मी कळत नाही. संपला वाद! शिडीचा हा गुणच आहे. ज्याला ती पटत नाही त्याचं न पटणं हाच तो खाली असल्याचा पुरावा.

दुसरं उदाहरण अँड्र्यू कोहेन. विल्बर आणि हे गृहस्थ 'गुरू आणि पंडित' म्हणून जाहीर संवाद करायचे, मासिकात छापून यायचे. शिष्यांना दिलेल्या वागणुकीच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत्या. शेवटी २०१३ मध्ये कोहेननी माफी मागून गुरुपद सोडलं. जागृती झाली तरी अहंकार शाबूत राहिला, अशा अर्थाचं स्वतःच लिहिलं. सर्वांत वरच्या पायरीवर बसवलेला माणूस हा! मी त्या वर्षी पुस्तकं रद्दीत घातली. किलोला दहा रुपये मिळाले.

सई_कोच

माझा व्यवसायच हा आहे, तेव्हा मी पक्षपाती आहे हे धरून वाचा.

खडूस, कोहेनचं उदाहरण बरोबर आहे, पण त्याचं उत्तर त्याच मांडणीत आहे. 'अवस्था' वेगळी आणि 'पायरी' वेगळी. ध्यानात एखाद्याला विलक्षण अवस्था लाभते, पण ती येते-जाते. शिवाय वाढीच्या 'रेषा' अनेक असतात: बुद्धीची, भावनांची, नीतीची. एका रेषेत उंच गेलेला दुसरीत ठेंगणा असू शकतो. आपल्याकडे गाण्यात देवमाणूस आणि घरात जमदग्नी असे कितीतरी दाखवता येतील.

आणि शिडी हवेत काढलेली नाही. जेन लोव्हिंजर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अपुरी वाक्यं पुरी करायला देऊन माणसाची घडण मोजायची पद्धत १९७० च्या सुमारास बसवली. ३६ वाक्यं असतात. त्यावरून पुढे बिल टॉर्बर्ट वगैरे अभ्यासकांनी नेतृत्व करणाऱ्यांचे सात प्रकार केले. २००५ साली हार्वर्डच्या व्यवस्थापन मासिकात आकडे आले: तज्ज्ञ म्हणून काम करणारे ३८ टक्के, उद्दिष्ट गाठणारे ३० टक्के, व्यवस्था बदलू शकणारे जेमतेम ४ टक्के, सर्वांत वरचे १ टक्का. नाईटशिफ्ट, तुमचा तिसरा रकाना म्हणजे टिपिकल 'तज्ज्ञ': ज्याला 'माहीत नाही' म्हणणं मरणाहून कठीण. यात कमीपणा काही नाही.

तिरकस

एक टक्का? ते सगळेच्या सगळे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत.

खडूस

सईताई, 'यात कमीपणा काही नाही' असं शेवटी लिहावं लागलं, इथेच सगळं आलं. खणांबद्दल बोलताना कुणाला असं लिहावं लागत नाही.

सई_कोच

हं. हा मुद्दा घेतला. विचार करते.

मोहफूल

खूप दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

मी गडचिरोलीत धानोरा तालुक्यात तीन वर्षं काम केलंय. तुम्ही म्हणताय ते चारही खण एका गावात भरलेले बघितले आहेत, अधिकाचं चिन्ह न काढता. मेंढा-लेखा. नाव सगळ्यांना माहीत असतं, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणाही. पण आत काय चालतं ते फारसं कुणी विचारत नाही.

तिथे दोन वेगवेगळी बसणी असतात. एक ग्रामसभा. तिथे निर्णय होतात, आणि ते सर्वसहमतीने. बहुमत नाही. एक जण जरी 'नाही' म्हणाला तरी विषय पुढच्या खेपेला. दुसरा अभ्यास गट. तिथे कुणीही येऊन बसावं, बाहेरचा माणूसही चालतो, कायदा असो की मधमाशी, विषयाचा कीस पाडायचा. पण तिथे निर्णय होत नाही. ही मेख आहे. जिथे निर्णय व्हायचा नसतो तिथे माणूस मोकळा बोलतो, 'मला कळलं नाही' म्हणतो, मत फिरवतो, अब्रू जात नाही. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यावर लेख पुष्कळ झाले, पण या दोन बसण्यांमधली फट कुणी नीट दाखवत नाही.

बाहेरून बघणाऱ्याला फक्त फळं दिसतात. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोवर हक्क कागदावर होता; बांबू हा गवत की झाड यावर वन खात्याशी घोळ चालायचा, आणि परवाना नसेल तर विकायचा कसा? बघा, खाली उजवीकडचा एक खण अडला तर बाकीचे तीन भरून उपयोग नाही. २०१३ मध्ये गावाने ग्रामदान कायद्याखाली जमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा टप्पा गाठला.

आणि सर्वसहमतीला वेळ लागतो. प्रचंड लागतो. मी सुरुवातीला चिडायचे. एका बैठकीत (मेंढ्यात नाही, शेजारच्या गावात) एक म्हातारी बाई तीन तास काही बोलली नाही आणि उठताना म्हणाली, "मला नाही पटलं." झालं, पुढच्या आठवड्यात परत. मी डोक्याला हात लावला. पुढच्या खेपेला ती जे बोलली ते नाल्याच्या पाण्याबद्दल होतं आणि आम्हा शिकलेल्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलेलं नव्हतं.

तिला कुठला रंग दिला असता हो?

खडूस

मोहफूल, +१००. वेगळा धागा काढा यावर.

सावली_बडोदा

अगदी. अभ्यास गट आणि ग्रामसभा वेगळी ठेवण्याचं मी आज दिवसभर डोक्यात घोळवतेय. आमच्या शाळेच्या स्टाफ मीटिंगमध्ये दोन्ही एकाच तासात उरकतात, म्हणून तिथे कुणी खरं बोलत नाही.

समुद्रकाठ

मूळचा नाशिकचा, सध्या पुद्दुचेरीत. ऑरोव्हिल इथून १०-१२ किलोमीटरवर. पूर्णयोगाच्या नावाने अख्खं नगर वसवायचं म्हटलं तर काय होतं ते रोज दिसतं, म्हणून दोन शब्द.

२८ फेब्रुवारी १९६८ ला स्थापना झाली, १२४ देशांची माती एका कलशात ओतली. उजाड लाल पठार होतं, आज जंगल आहे. ते माणसांनी हातांनी लावलंय, मी त्यापुढे कायम नतमस्तक. पण १९७३ मध्ये श्रीमाताजी (अरविंदांच्या सहकारी, ऑरोव्हिलच्या संस्थापक) गेल्या आणि 'हे कोणाचं?' हा प्रश्न उभा राहिला. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८२ चा निकाल वाचण्यासारखा आहे: अरविंदांची शिकवण हा धर्म की तत्त्वज्ञान यावर तिथे काथ्याकूट झाला, आणि बहुमताने ठरलं की धर्म नव्हे. शेवटी १९८८ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून कारभार लावून दिला. तरी डिसेंबर २०२१ मध्ये नगराच्या आराखड्यातल्या वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडांवर जेसीबी आले तेव्हा रहिवासी दोन बाजूंना उभे होते. आराखडा आधी की झाडं आधी? दोघेही माताजींचेच दाखले देत होते.

मी कुणाची बाजू घेत नाही. दोन्हीकडे माझे मित्र आहेत, दोन्हीकडे जेवतो. तीस-तीस वर्षं स्वतःवर काम केलेली माणसं आहेत ही. पण निर्णय कसा घ्यायचा याची रीत बसलेली नसेल तर आतल्या कामाचा तिथे उपयोग होताना मला दिसला नाही.

सई_कोच

दोन दिवस विचार केला. मी शिडी शिकवणं बंद करणार नाही, पण एक बदल करतेय. पुढच्या बॅचपासून शिडी फक्त स्वतःच्या गेल्या दहा वर्षांवर लावायची: 'तेव्हा मी कुठे होतो, आज कुठे'. दुसऱ्याचं नाव घेतलं की पाच रुपये डब्यात. डबा भरला की वडापाव.

तिरकस

सईताई, त्या बॅचला मी येतो. फुकट वडापावची खात्री आहे.

नाईटशिफ्ट

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद द्यायला महिना गेला, महिनाअखेरीचं डिस्पॅच होतं.

काय केलं ते सांगतो. डाय घासायला उतरवली तर तो वेळ ऑपरेटरच्या नावावर लागू नये, एवढी एकच गोष्ट प्लांट हेडकडे मागितली. मंजूर व्हायला दोन महिने गेले (कार्यशाळा झाल्यापासूनच मागे लागलो होतो). 'लोक गैरफायदा घेतील' हे तीन मीटिंगांत तीनदा ऐकलं. शेवटी एका लाईनपुरतं, तीन महिन्यांसाठी, अजमावून बघायचं ठरलं.

माझ्यापुरतं: 'कोणी केलं?' बंद. त्याऐवजी 'केव्हा लक्षात आलं?' ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात चार वेळा जीभ घसरली.

मोहफूल, तुमचा अभ्यास गट उचलला. शुक्रवारी दुसरी पाळी सुटताना टूल रूमच्या बाहेर बाकड्यावर पंधरा मिनिटं. तिथे निर्णय घ्यायचा नाही, वहीत नाव लिहायचं नाही. पहिले तीन शुक्रवार कुणी तोंड उघडलं नाही, चहा पिऊन गेले. कंत्राटी पोरं तर बसलीसुद्धा नाहीत, उभीच. चौथ्या शुक्रवारी त्यातलाच एक म्हणाला की बर्र हाताला लागण्याआधी आवाजात कळते. प्रेसचा ठोका 'फुटका' येतो. पंधरा वर्षं मी त्या शॉपमध्ये आहे. मला हे माहीत नव्हतं. आणि तसं मी म्हणालो, सगळ्यांसमोर. किंमत संपली की नाही ते कळलं नाही, पण एका पोराने बाकड्यावर जागा केली.

परवा रात्री दोन चाळीसला फोन. "साहेब, ठोका फुटका येतोय, डाय उतरवू का?" झोपेत पहिला शब्द तोंडात आला तो 'कोणी'च. अर्धा गिळला. बायको म्हणते पुरता ऐकू गेला. तिकडून तो म्हणाला, "मीच."

डाय उतरवली. रिजेक्शन त्या पाळीत सात नग. बाकीच्या लाईनींवर अजून जैसे थे आहे, आणि इन्सेन्टिव्हचं गणित तीन महिन्यांनी परत मांडायचंय. तेव्हा काय होईल सांगता येत नाही.

मोहफूल

कंत्राटी पोरांना इन्सेन्टिव्ह मिळतो का पण?

नाईटशिफ्ट

नाही. पुढच्या शुक्रवारचा विषय तोच निघेल असं दिसतंय.

तिरकस

सगळं वाचलं. डोळे पाणावले वगैरे. फक्त ते ब्रॅकेट कुठल्या गाडीत बसतं तेवढं व्यक्तिगत निरोपात कळवा, दसऱ्याला घ्यायची म्हणतोय.